एम १३ पुन्हा धुरकटच दिसतोय? गोलाकार तारकागुच्छ न उलगडण्यामागची कारणं आणि उपाय

आकाश निरभ्र, चंद्र मावळलेला, दुर्बीण चांगली दीडशे-दोनशे मिलिमीटरची. शौरी तारकासमूहातला एम १३, म्हणजे ताऱ्यांचा दाट गोल गुच्छ, शोधून काढला, डोळा लावला, आणि समोर काय? काचेवर कुणीतरी ओलं बोट टेकवून गेल्यासारखा एक पांढुरका डाग. फोटोत तारेच तारे, इथे एकही नाही. वैताग याचा की मागच्या आठवड्यात याच दुर्बिणीतून, याच जागेवरून कडेचे दहा-वीस तारे सुटे दिसले होते. मग आज काय बिघडलं?

तक्रार जुनी आहे. फ्रेंच खगोलनिरीक्षक शार्ल मेसिएने (‘एम’ क्रमांक त्याच्याच यादीतले) १७६४ मध्ये एम १३ पाहिला तेव्हा हा तेजोमेघ असून त्यात एकही तारा नाही, अशी खात्रीशीर नोंद त्याने करून ठेवली. त्याच्या यादीत एकूण २९ गोलाकार गुच्छ आहेत आणि त्यांपैकी फक्त एम ४ मधले तारे त्याला वेगळे दिसले. बाकी सगळे ‘गोल तेजोमेघ’. पुढे विल्यम हर्शलने मोठे आरसे घासून तेच डाग पाहिले तेव्हा एकेक करून त्यांचे तारे झाले. तेव्हा धुरकट दिसलं म्हणून लगेच दुर्बिणीला दोष देऊ नका, आणि दोष नाहीच असंही धरून चालू नका.

इथे एकसारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली : तारे तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्यात आहेत, पण आरसा, हवा, फोकस किंवा डोळा यांपैकी कुणीतरी त्यांना टिंबासारखं राहू देत नाही. दुसरी : त्या गुच्छातले तारेच तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहेत. पहिलीवर इलाज आहे. दुसरीवर एकच इलाज, गुच्छ बदला. घोळ होतो तो दोन्हींची अदलाबदल झाल्यामुळे. दुसरी अडचण असलेला माणूस रात्रभर आरशाचे स्क्रू पिळत बसतो आणि पहिली असलेला नवी दुर्बीण घ्यायला निघतो. मी स्क्रू पिळणाऱ्यांपैकी.

आधी गुच्छ सोडा, एक तारा बघा

निदानाची सुरुवात गुच्छावरून कधीच करू नये. गुच्छात काय बिघडलंय ते कळत नाही, कारण सगळे बिघाड तिथे सारखेच दिसतात : धूर. त्यापेक्षा गुच्छाच्या जवळचा, तेवढ्याच उंचीवरचा एखादा तारा घ्या. एम १३ साठी शौरीतल्या चार ताऱ्यांच्या चौकोनाच्या कोपऱ्यावरचा ईटा, एम २२ साठी धनूतल्या किटलीच्या झाकणाचं टोक म्हणजे लॅम्डा, एम ४ साठी शेजारचा सिग्मा. ज्येष्ठा नको, ती फार झगझगीत आहे. एम ५ बघणाऱ्यांची तर चैनच असते, पाचव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद) ५ सर्पंटिस हा तारा गुच्छाला जवळजवळ खेटून, एकाच दृष्टिक्षेत्रात मिळतो.

त्या ताऱ्यावर दीडशे पटीच्या आसपास वर्धन लावा आणि नीट फोकस करा. बारीक, घट्ट टिंब दिसलं तर तुमची सामग्री ठीक आहे, थेट आवाक्याच्या हिशेबाकडे जा. टिंब दिसत नसेल तर ते कसं बिघडलंय ते बघा.

तारा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा हलतोय, फुगतोय, पुन्हा बारीक होतोय : हवा किंवा न निवलेला आरसा. ताऱ्याला एकाच बाजूला शेपूट फुटलंय आणि तो दृष्टिक्षेत्राच्या अगदी मधोमध आहे : कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी. ताऱ्याभोवती मऊ, स्थिर वलय आहे आणि फोकस फिरवून जात नाही : दव किंवा बोटाचा तेलकट ठसा. ताऱ्याला काटे फुटलेत आणि मान तिरकी केली की काटेही फिरतात : तो दोष दुर्बिणीचा नाही, तुमच्या डोळ्याचा आहे. हे शेवटचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दृष्टिवैषम्य (चष्म्यातला सिलिंडरचा नंबर) असेल तर कमी वर्धनावर चष्मा लावून बघा. वर्धन वाढवलं की डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत बारीक होतो आणि चष्म्याविना तोच दोष बराच झाकला जातो.

फोकसबद्दल एवढंच की गुच्छावर फोकस करू नका. धुराला फोकस नसतो, मेंदू ‘झालं की’ म्हणून मोकळा होतो. ताऱ्यावर करा, टिंब बारीक होऊन पुन्हा फुगू लागेल तिथपर्यंत पुढे जा आणि मग मागे या. तापमान उतरत असेल तर नळी आकसते, तेव्हा तासाभराने पुन्हा करा.

कॉलिमेशन, आणि लेझरवर ठेवलेला आंधळा विश्वास

परावर्ती दुर्बिणीत दोन आरसे एका रेषेत नसले तर ताऱ्याचा धूमकेतू होतो. ग्रहांवर हे थोडंफार खपून जातं, गुच्छात नाही. गुच्छाच्या गाभ्यात तारे एकमेकांपासून दोन-तीन विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असतात. प्रत्येकाला तेवढंच शेपूट फुटलं की सगळं मिळून पीठ.

एफ ५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) सारख्या ‘वेगवान’ आरशात ही चूक जास्त बोचते. अशा आरशाचा कोमामुक्त, म्हणजे ताऱ्यांना धूमकेतूसारखं शेपूट न फुटणारा भाग फोकसवर जेमतेम २-३ मिलिमीटरचा असतो. २०० मि.मी. एफ ५ दुर्बिणीत एम १३ ची प्रतिमा साधारण ६ मिलिमीटरची पडते. म्हणजे सगळं नीट जुळलेलं असलं तरी फक्त गाभा त्या चांगल्या भागात बसतो. कॉलिमेशन थोडं जरी सरकलं तरी तो चांगला भाग भलतीकडेच जातो आणि गाभा कोमात.

आता माझी गोष्ट. तीन रात्री मी लेझर कॉलिमेटरने, म्हणजे आयपीसच्या जागी बसवायच्या लेझरने, आरसे जुळवले. लाल ठिपका आरशावरच्या खुणेच्या बरोब्बर मध्ये, आणि तरी एम ५ धुरकट. चौथ्या रात्री वैतागून लेझर फोकसरमध्येच गोल फिरवला, तर ठिपका आरशावर चांगलं मोठं वर्तुळ काढायला लागला. लेझरच स्वतःच्या नळीत वाकडा बसवलेला होता. मी तीन रात्री वाकड्या पट्टीने सरळ रेषा मारत होतो. तेव्हापासून लेझर वापरण्यापूर्वी तो फिरवून बघतो आणि शेवटचा निकाल ताऱ्यावरच घेतो : तारा मधोमध, वर्धन जास्त, फोकस किंचित बाहेर, आणि वलयं एककेंद्री आहेत का ते बघायचं. एका बाजूला दाटी असेल तर मुख्य आरशाचा एक स्क्रू अगदी थोडा, म्हणजे एक अष्टमांश फेरा फिरवून तारा पुन्हा मधोमध आणायचा आणि पुन्हा बघायचं. वाहतुकीत हलणारी दुर्बीण असेल तर ही परीक्षा दर वेळी. ‘मागच्या आठवड्यात दिसलं, आज नाही’ या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण.

दुसरं नेहमीचं कारण उष्णता. घरातून उबदार आरसा बाहेर आणला की त्याच्या पृष्ठभागावर गरम हवेचा पातळ थर तरंगत राहतो. फोकसबाहेर नेलेल्या ताऱ्याच्या तबकडीत धुराची रेघ वर चढताना दिसली तर तेच आहे. २०० मि.मी. आरशाला तासभर द्या, मागे छोटा पंखा असला तर त्याहून लवकर होतं. मधल्या वेळात मोठे, विखुरलेले खुले गुच्छ बघा, त्यांना फरक पडत नाही. आणि दुर्बीण तापलेल्या छपरावरून किंवा काँक्रीटवरून तिरकी रोखू नका.

दव मात्र कपटी आहे. मुख्य आरशावर शेवटी पडतं, आधी पडतं ते दुय्यम आरशावर आणि आयपीसवर (ज्याला डोळा लावतो त्या भिंगावर), जिथे आपण बघायला जातच नाही. आयपीसवर तर आपल्याच श्वासाची वाफ बसते. तासाभरापूर्वी दिसणारे तारे हळूहळू विरत गेले, आणि आकाशात ढग नाही, तर आधी टॉर्चच्या उजेडात आयपीस तिरकी धरून बघा. पुसू नका, गरम हवा द्या.

वर्धन कमी ठेवण्याची सवय

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

आपल्याला शिकवलेलं असतं की अंधुक वस्तूला कमी वर्धन लावावं. आकाशगंगांना आणि तेजोमेघांना ते बरेचदा लागू पडतं. गोलाकार गुच्छ दिसतो तेजोमेघासारखा, म्हणून आपण तोच नियम त्यालाही लावतो. पण तो ताऱ्यांचा आहे, आणि ताऱ्यांचा हिशेब वेगळा. वर्धन ५० पटीवरून १५० पटीवर नेलं की आकाशाची पार्श्वभूमी नऊपट फिकी होते, म्हणजे जवळजवळ २.४ प्रत. तारा मात्र टिंबच राहतो, त्याचा प्रकाश पसरत नाही. साहजिकच काळ्या झालेल्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो. शिवाय एकमेकांना चिकटलेले तारे लांब लांब सरकतात ते वेगळंच.

मग लोक वर्धन वाढवून पुन्हा खाली का येतात? कारण वर्धन वाढवताच पहिल्या क्षणी गुच्छ *मंदावलेला* दिसतो. न उलगडलेल्या हजारो ताऱ्यांचा एकत्र धूर हा पृष्ठभागासारखा वागतो, म्हणून आकाशाबरोबर तोही नऊपट फिका पडतो. नजरेला वाटतं प्रकाश कमी झाला, बिघडलं, चला मागे. इथेच थांबायचं असतं. अर्धा मिनिट द्या. धूर फिका पडला की त्यातून तारे वर येतात, आधी कडेने, मग गाभ्याकडे सरकत.

किती वाढवायचं? २०० मि.मी. व्यास आणि १२०० मि.मी. नाभीय अंतर असेल तर २५ मि.मी. आयपीस ४८ पट देते. गुच्छ शोधायला ती छान, बघायला नाही. ८ मि.मी. आयपीस १५० पट देते, ६ मि.मी. असेल तर २०० पट. दुर्बिणीचा व्यास भागिले वर्धन हे उत्तर १ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत फायदा होत राहतो, हवा साथ देत असेल तर. हवा हलत असेल तर वर्धन वाढवून टिंबांच्या गोळ्या होतात, मग एक पायरी खाली या. शहरी उजेडातही हीच युक्ती चालते. उजेडाने गुच्छाचा धूर गिळला तरी सुटे तारे त्यातून वाचतात, म्हणून उजळ आकाशाखाली कमी वर्धनावर बसून राहण्यात तर काहीच अर्थ नाही.

आवाक्याचा हिशेब

समजा तारा टिंबासारखा दिसला, वर्धन वाढवलं, आणि तरी एम १५ धुरकटच. आता गुच्छाची कुंडली मांडायची.

स्वच्छ अंधाऱ्या आकाशाखाली दुर्बिणीतून दिसणारी सर्वात मंद प्रत ढोबळमानाने अशी : ७० मि.मी. ला ११, ११४ ला १२.३, १५० ला १३ च्या जरा अलीकडे, २०० ला १३.५, २५० ला १४. जास्त वर्धन आणि सरावलेला डोळा यांनी यात अर्धी-पाऊण प्रत वाढते, उजळ आकाशाखाली त्याहून जास्त घटते. दुसऱ्या बाजूला गुच्छातले सर्वात तेजस्वी तारे : एम २२ आणि एम ४ मध्ये ते १०.७-१०.८ प्रतीचे, एम १३ मध्ये १२ च्या आसपास, एम ५ आणि एम ९२ मध्येही जवळपास तेवढेच, एम ३ आणि एम १५ मध्ये साडेबाराच्या पुढे, एम २ मध्ये १३, तर एम ७५ मध्ये साडेचौदा. ७० मि.मी. दुर्बिणीतून एम १३ धुरकट दिसणं हा बिघाड नाही, ते गणित आहे. द्विनेत्रीतून तर तसं दिसणारच.

पण इथे एक मेख आहे. सर्वात तेजस्वी तारे आवाक्यात आले की गुच्छ उलगडला, असं होत नाही. ते तारे म्हणजे लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या, ताऱ्यांचं शेंड्यावरचं टोक, संख्येने मोजकेच. म्हणून १५० मि.मी. मधून एम १३ बघताना धुरावर काही ठिणग्या शिंपडल्यासारख्या दिसतात आणि धूर तसाच राहतो. खरी गर्दी सुरू होते त्याच्या बऱ्याच खाली. राक्षसी ताऱ्याच्या गाभ्यात हेलियम पेटलं की तो एका ठराविक तेजस्वितेवर येऊन स्थिरावतो, आणि गुच्छातले असे सगळे तारे जवळपास एकाच प्रतीवर जमा होतात. तेजस्वितेच्या आलेखात त्यांची आडवी रांग दिसते म्हणून तिला क्षैतिज शाखा म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ हार्लो शेपलीने गुच्छांची अंतरं मोजायला वापरलेले आरआर लायरी जातीचे चल तारे याच रांगेतले. तुमची दुर्बीण या रांगेपर्यंत पोहोचली की गुच्छ एकदम फुटतो, जणू कुणीतरी दिवा लावला.

ही रांग एम ४ मध्ये साडेतेराव्या प्रतीवर आहे, एम २२ मध्ये १४ च्या जरा पुढे, एम १३ आणि एम ५ मध्ये १५ च्या आसपास, एम ३ आणि एम १५ मध्ये १५.७-१५.८ वर. म्हणूनच २५० मि.मी. मधून एम २२ बघणारा माणूस हरखून जातो आणि त्याच दुर्बिणीतून एम ३ बघणारा म्हणतो, ‘छान आहे, पण मध्यभाग पिठासारखा आहे.’ दोघांचंही बरोबर. एम २२ साधारण १० हजार प्रकाशवर्षांवर आहे, एम ३ ३४ हजारांवर.

आवाक्याच्या जोडीला दाटी बघायची. शेपली आणि हेलन सॉयर यांनी १९२० च्या दशकात गुच्छांच्या गाभ्याच्या दाटीनुसार बारा वर्ग पाडले. पहिला वर्ग सर्वात घट्ट, बारावा सर्वात विरळ. एम ७५ पहिल्या वर्गात, एम २ आणि एम ८० दुसऱ्यात, एम १५ चौथ्यात, एम १३ पाचव्यात, एम २२ सातव्यात, एम ४ नवव्यात, एम ५५ अकराव्यात. एम १५ चा गाभा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आत कोसळलेला मानतात. त्याचा मधला भाग हौशी दुर्बिणीत सुटा होत नाही, कडा होते. तेवढ्यावर समाधान मानायचं.

विरळ म्हणजे सोपा असंही नाही. एम ४ सुमारे ६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, आपल्या सर्वात जवळच्या गुच्छांपैकी एक, तारे सर्वात तेजस्वी, म्हणून सगळे नवशिक्यांना तोच सुचवतात. मला हा सल्ला पटत नाही. त्याचा प्रकाश इतका पसरलेला आहे की आकाश उजळ असेल तर तो आहे कुठे इथपासून प्रश्न सुरू होतो, आणि दीड अंशाच्या आत ज्येष्ठा भगभगत असते. अंधारं आकाश असेल तर जरूर एम ४, मधोमध ताऱ्यांची उभी पट्टीही दिसेल. नाहीतर एम २२ किंवा एम ५.

हा तोच गुच्छ आहे ना?

हसू नका. धनूतल्या किटलीच्या बुडाशी एम ६९, एम ७० आणि एम ५४ असे तीन छोटे गुच्छ ओळीत बसलेत, आणि एम २२ शोधायला निघालेला माणूस त्यांच्यापैकी एकावर जाऊन थांबतो, हे अनेकदा होतं. एम ५४ कितीही बघितला तरी उलगडायचा नाही. तो सुमारे ८७ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि मुळात आपल्या आकाशगंगेचाही नाही. १९९४ मध्ये धनूतली एक बटू दीर्घिका, म्हणजे छोटी आकाशगंगा, सापडली, जी आपली आकाशगंगा हळूहळू गिळते आहे, एम ५४ तिचा. त्याचे ठळक तारेसुद्धा पंधराव्या प्रतीचे.

स्वयंचलित माउंट ‘पोहोचलो’ म्हणून शिट्टी वाजवतं तेव्हाही खात्री करा. एम १३ च्या दोन बाजूंना सातव्या प्रतीचे दोन तारे पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. ते दिसले म्हणजे पत्ता बरोबर. अर्ध्या अंशावर एनजीसी ६२०७ ही मंद आकाशगंगाही आहे, तिला मोठी दुर्बीण हवी.

मृगाच्या पायाशी शशकात एम ७९ बघून निराश होणाऱ्यांसाठी : तो ४० हजारांहून जास्त प्रकाशवर्षांवर आहे, आणि आकाशाच्या त्या बाजूला पर्यायही फारसे नाहीत. गोलाकार गुच्छ आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतात आणि केंद्र धनूकडे आहे. गुच्छांची गर्दी एकाच बाजूला का, या प्रश्नावरूनच शेपलीने १९१८ मध्ये दाखवून दिलं की सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही. चांगले गुच्छ हवे असतील तर वृश्चिक, धनु, भुजंगधारी वर येण्याची वाट बघा.

उंची

क्षितिजापासून ३० अंशांवर आपण माथ्याच्या दुप्पट जाडीच्या हवेतून बघत असतो, २० अंशांवर जवळजवळ तिप्पट. प्रकाशही जातो आणि टिंबही फुगतं. ओमेगा सेंटॉरी म्हणजे सगळ्या गुच्छांचा राजा, नुसत्या डोळ्यांना ताऱ्यासारखा दिसणारा, इतका की तारानकाशाकार बायरने १६०३ मध्ये त्याला ताऱ्याचं अक्षर देऊन टाकलं. तो तारा नाही हे खगोलशास्त्रज्ञ हॅलीने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून पाहिलं. पण त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, उणे साडेसत्तेचाळीस अंश (दक्षिणेकडे) आहे. २० अंश उत्तर अक्षांशावरून तो सर्वात वर आला तरी २२-२३ अंशांवरच. तिथे तो बघायचा असेल तर मध्यमंडळावर, म्हणजे सर्वात उंच जागी, येण्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास, बस. त्याआधी दोन तास बघून ‘धुरकट आहे’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. एम १३ किंवा एम ३ साठी मात्र ५० अंशांच्या वर येईपर्यंत थांबायला काही हरकत नसते, आपणच घाईत असतो.

डोळा

वीस-तीस मिनिटं अंधार, मोबाइल खिशात, नकाशा लाल उजेडात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही. तिरकी नजर कशी टाकायची हे मात्र थोडं सांगायला हवं : उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर गुच्छाच्या उजवीकडे न्या, डाव्याने बघत असाल तर डावीकडे. उलट केलंत तर गुच्छ डोळ्याच्या अंधबिंदूवर जाऊन गायब होऊ शकतो. नळीला हलकी टिचकी मारली तर हलणारं मंद टिंब चटकन जाणवतं. आणि एका गुच्छावर दहा मिनिटं थांबा. हवा सतत सारखी नसते. मधेच दोन-तीन सेकंद ती शांत होते, आणि तेवढ्यात गाभा रवाळ दिसून जातो. जे दोन मिनिटांत उठतात त्यांच्या वाट्याला तो क्षण येत नाही.

कधी दिसतो, कधी नाही

ही सर्वात चिवट तक्रार. दर वेळी पाच गोष्टी लिहून ठेवा : गुच्छाची उंची, वर्धन, दुर्बीण बाहेर काढून किती वेळ झाला, जवळच्या ताऱ्याचं टिंब कसं होतं, आणि चंद्र. सात-आठ नोंदी झाल्या की सूत्र आपोआप दिसतं. माझ्या वहीत ते असं निघालं : चांगल्या रात्री सगळ्या दुर्बीण लावून दीड तासानंतरच्या होत्या आणि वाईट रात्री सगळ्या पहिल्या अर्ध्या तासातल्या. म्हणजे लेझर सरळ केल्यावरही माझा एम १३ हवेमुळे बिघडत नव्हता, न निवलेल्या आरशामुळे बिघडत होता.

फोटो काढणाऱ्यांची तक्रार वेगळी, कडेचे तारे सुरेख आणि मध्ये पांढरा गोळा. तिथे डोळ्यांचे उपाय चालत नाहीत. आधी पाच-दहा सेकंदांचा एक छोटा एक्स्पोजर घ्या. त्यात गाभ्यातले तारे सुटे दिसले तर लांब एक्स्पोजरमध्ये सेन्सर भरून वाहतोय, दोन्ही लांबीचे फोटो घेऊन जोडा. छोट्या एक्स्पोजरमध्येही गोळाच असेल तर फोकस आणि कॉलिमेशनकडे परत जा.